वाचनालय बंद करण्याआधी वाचकाला विचारा

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मा. ग्रंथालय संचालक, ग्रंथालय संचालनालय, मुंबई,
आणि राज्यातल्या सर्व जिल्हा नियोजन समित्यांचे मा. सदस्य

विषय : गावोगावची सार्वजनिक वाचनालयं बंद पडणं आणि त्यात वाचकांची होणारी परवड

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात वाचनालय बंद पडतं तेव्हा कुलूप लावायला कुणी येत नाही. आधी मासिकं थांबतात, कारण वर्गणी भरायला पैसे नसतात. मग दोन वर्तमानपत्रांचं एक होतं. ग्रंथपाल दूध संकलन केंद्रावर काम धरतो आणि वाचनालय संध्याकाळी तासभर उघडतं, तेही तो गावात असला तर. वार्षिक अहवाल वेळेत जात नाही, लेखापरीक्षकाची फी थकते, अनुदान अडकतं आणि एक दिवस मान्यता रद्द झाल्याची बातमी कुणीतरी तालुक्याहून घेऊन येतं. तोवर गावाची तिकडे जायची सवय मोडलेली असते. त्यामुळे ओरड होत नाही, आणि मग सगळीकडे म्हटलं जातं की हल्ली लोकांना वाचायलाच नको.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, विजापूरच्या हद्दीला लागून असलेल्या पट्ट्यात राहते. प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे आणि गावच्या ‘ड’ वर्ग, म्हणजे अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या, सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. आमचं वाचनालय अजून चालू आहे. शेजारच्या गावचं बंद पडलं. तिथले वाचक काही काळ आमच्याकडे येत होते, आता त्यांतले बहुतेक येत नाहीत. हे पत्र मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. संस्थेचा दोष असो, पैशाची अडचण असो, कारण काहीही असो, एखादं वाचनालय बंद होण्याआधी तिथला वाचक उद्यापासून कुठे जाणार, याचं उत्तर देणं शासनावर बंधनकारक असलं पाहिजे. आज हा प्रश्न कुठल्याच कागदावर नसतो.

आधी पैशांचं बोलते, कारण सगळं तिथेच सुरू होतं. २०१२ साली वाढलेलं अनुदान पुढे दहा वर्षं तिथेच राहिलं. ‘ड’ वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये. मग ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजार झालं. ही वाढ झाली याबद्दल मी मनापासून आभार मानते; ती मिळवण्यासाठी ग्रंथालय संघांनी आणि कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, धरणी धरली. पण ४८ हजारांचा हिशेब मांडून पाहा. अर्धी रक्कम वेतनावर, अर्धी पुस्तकं, नियतकालिकं, भाडं, वीज आणि बाकीच्या खर्चावर. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार रुपये, दिवसाला सदुसष्ट रुपयांच्या आत. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २७३ रुपये होती. वर्गीकरण, दाखल नोंदवही, देवघेव, वर्षाचा अहवाल, हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला आपण खडी फोडणाऱ्याच्या पाव मजुरीवर राबवतो आणि तो टिकत नाही म्हणून संस्थेला दोष देतो. प्रभे समिती झाली, पत्की समिती झाली. या माणसांना नीट वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती मिळाव्यात, या मागणीत म्हातारे होऊन कितीतरी ग्रंथपाल घरी बसले.

उरलेल्या अर्ध्या रकमेत वर्तमानपत्रांचं बिल, विजेचं बिल, लेखापरीक्षकाची फी आणि पावसाळ्याआधी पत्र्यावर टाकायचं डांबर एवढं भागलं की पुस्तकांना किती उरतात ते कुणीही सांगेल. आमच्या कपाटात गेल्या काही वर्षांत आलेली नवी पुस्तकं बहुतेक देणगीची आहेत. कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कुणाच्या मुलीच्या वाढदिवसाला.

आता थोडं मागचं. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम करताना राज्याने वाचनालयं स्वतः न चालवता, लोकांनी चालवलेल्या संस्थांना परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायच्या खर्चासाठी पैसे, द्यायची वाट धरली. त्यामागे कारण होतं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. कायदा यायच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं लोकांनी ही कामं उभी केली होती आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ज्या गावात वर्गणी काढणारे वकील-डॉक्टर नाहीत, भाड्याने द्यायला गाळे नाहीत, सभागृह नाही, व्याज देणारी ठेव नाही, तिथे हीच पद्धत वेगळी वागते. अनुदानाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकं, कामाची वेळ अशा गोष्टींवरून. ज्याच्याकडे आधीच आहे त्याचा वर्ग वरचा आणि त्याला अनुदान जास्त. ज्या दुष्काळी गावाला सरकारी मदतीची सगळ्यात जास्त गरज, ते तळाच्या ‘ड’ मध्ये. त्यात २०१२ पासून कितीतरी वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही थांबवलेली होती. त्या काळात गावाने कष्टाने पुस्तकं आणि सभासद वाढवले, तरी वर्ग तोच आणि पैसे तेवढेच. पोरांनी अभ्यास करून उत्तम पेपर लिहावेत आणि निकालच लागू नये, अशी ती गत होती.

२०१२ मध्ये सरकारने वाचनालयांची पडताळणी केली, ती कशासाठी झाली हे मला ठाऊक आहे आणि ती चूक होती असं मी म्हणणार नाही. नुसती पाटी लावलेली, कागदावरच चालणारी, एका घराच्या पडवीत दोन कपाटं ठेवून अनुदान उचलणारी वाचनालयं होती. आमच्या तालुक्यातही होती आणि सगळ्यांना माहीत होती. महसूल खात्याची माणसं आली, यादी तपासली, दोष काढले, काहींची मान्यता गेली. ते व्हायलाच हवं होतं. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. रेशन दुकानदाराने घोटाळा केला तर त्याचा परवाना रद्द होतो, पण कार्डधारकांना जवळच्या दुसऱ्या दुकानाला जोडून देतात. गावाचं धान्य बंद करत नाहीत. वाचनालयाच्या बाबतीत संस्थाचालक चुकले की मान्यता रद्द होते आणि गाव वाऱ्यावर. ज्या पोरीने अर्धी कादंबरी वाचली आहे तिला तिचं पुस्तक कुठून मिळणार, हे सांगायची कुणाची जबाबदारी नाही.

शेजारच्या गावात मी हे जवळून पाहिलं. तिथल्या वाचनालयाची मान्यता गेल्यावर पुस्तकं एका सरकारी खोलीत हलवली, तिथे फवारणीचे पंप आणि जुनी बाकंही आहेत. आमचे ग्रंथपाल आणि मी परवानगी काढून पाहायला गेलो. लोखंडी कपाटांतली पुस्तकं बरी होती. लाकडी मांडणीला मात्र वाळवी लागली होती आणि खालच्या ओळीतल्या पुस्तकांची पानं हात लावताच मातीसारखी सुटत होती. कपाटावर देवघेवीची नोंदवही होती. शाईने आखलेले रकाने, दाखल क्रमांक, सभासदाचं नाव, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. चाळताना माझ्या लक्षात आलं की एकच आडनाव आणि एकच वाचक क्रमांक पानापानावर आहे, आणि पुस्तकं मात्र एकमेकांशी न जुळणारी: पाककृतींचं, मग संतचरित्र, मग शिवकालावरची जाडजूड कादंबरी, मग पाचवीच्या शिष्यवृत्तीचं मार्गदर्शक. चौकशी केल्यावर कळलं की ते एका घराचं खातं होतं. घरातली धाकटी सून शाळेतून मुलाला आणायला जाताना पुस्तक बदलून आणायची. सासूला डोळ्यांनी दिसत नाही, तिला रात्री वाचून दाखवायची. एका वर्गणीत चार माणसं वाचत होती. सभासदसंख्येच्या रकान्यात त्यांची नोंद ‘एक’ अशी आहे, आणि त्याच रकान्यावर त्या वाचनालयाची पत ठरत होती.

ती सून आमच्याकडे दोनदा आली. दोन्ही गावांमध्ये अंतर फार नाही, पुरुषमाणसाला मोटारसायकलवर काहीच नाही. पण तिच्याकडे गाडी नाही, एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते आणि परतीची गाडी सापडेपर्यंत अंधार पडतो. तिसऱ्यांदा ती आली नाही. तिने वाचन सोडलं असं कुणी म्हणू नये. तिच्या पायाखालचा रस्ता आपण काढून घेतला.

बायकांचा विषय निघालाच आहे तर आमचा, वाचनालय चालवणाऱ्यांचाही दोष सांगते. गावची बहुतेक वाचनालयं संध्याकाळी उघडतात, म्हणजे नेमकी भाकऱ्यांच्या वेळेला. वाचनालय चावडीपाशी किंवा तालमीशेजारी असतं. समोर पोरं गाड्या लावून बसलेली. सासुरवाशीण तिथून आत जाणार कशी? दलित वस्ती, वडार वस्ती, ऊसतोडीला जाणाऱ्यांची घरं गावाच्या टोकाला, आणि त्यांच्यातला कुणी कार्यकारिणीत असला तर ते नवल. मुक्तद्वार विभाग, म्हणजे सभासद नसलेल्यांनाही बसून वाचता येतं ती जागा, सगळ्यांना खुला असतो हे खरं आहे, पण दार उघडं असणं आणि आत पाऊल टाकायचा धीर होणं यात अंतर असतं. आम्ही दुपारी दोन ते चार बायकांसाठी वाचनालय उघडायला लागलो तेव्हा पहिल्या पावसाळ्यापर्यंत जेमतेम कुणी आलं. आता दुपारी जागा पुरत नाही. त्या दोन तासांचा पगार कुणी देत नाही, ग्रंथपालांची बायको बसते, बिनपगारी.

मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे, आता वाचनालय कशाला, हे मला अधिकारीही विचारतात. मोबाइल घरात एक असतो आणि तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला मोबाइलपेक्षा शांत खोली, दिवा आणि टेबल लागतं. शहरात त्याच्यासाठी महिन्याला पैसे घेऊन अभ्यासिका चालतात. ज्यांना पुण्यात खोली परवडत नाही ती मुलं एमपीएससीचा अभ्यास वाचनालयातच करतात आणि रात्री दहाला आम्ही दिवा घालवायला सांगितला की ‘मॅडम, अजून अर्धा तास’ म्हणून गयावया करतात.

शिवाय आता सगळे सरकारी अर्ज ऑनलाइन. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, परीक्षांचे अर्ज, पीक विमा, दाखले. ज्याला स्वतः भरता येत नाही तो पैसे मोजून भरून घेतो. जन्मतारीख चुकली की दुरुस्तीला पुन्हा पैसे आणि पुन्हा मजुरी बुडवून तालुक्याची खेप. वाचनालयात एक संगणक, चालणारं इंटरनेट आणि अर्ज वाचून समजावणारा माणूस असला तर हे काम फुकट, आणि आपल्या ओळखीच्या माणसासमोर बसून होईल. सरकारने सेवा घरापर्यंत नेल्याचं आपण म्हणतो. सेवा मोबाइलपर्यंत आली आहे. मोबाइलपासून त्या बाईपर्यंतचं शेवटचं अंतर कुणीतरी हाताला धरून पार करून द्यावं लागतं.

हे होण्यासारखं नाही असं म्हणू नका, कारण आमच्या शिवारापलीकडे ते चालू आहे. कर्नाटकने २०१९ मध्ये ग्रामपंचायतींची ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे घेतली. २०२० च्या बालदिनी तिथे शाळकरी मुलांना फुकट सभासद करून घ्यायची मोहीम निघाली. त्यांचं सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. पण तिथे वाचनालय ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, पाण्याच्या टाकीसारखी, आणि सचिवाला त्याबद्दल विचारता येतं. आमच्याकडे सरपंचांना विचारलं तर ते म्हणतात, ती तर तुमची संस्था. तामिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांच्या कायद्यांत ग्रंथालय उपकर आहे, मालमत्ता करासोबत वसूल होतो. आमच्या कायद्यात नाही. म्हणून आमची वाचनालयं दरवर्षी अर्थसंकल्पातल्या मर्जीवर जगतात.

आणि लांब कशाला जायचं? एका मराठी राजाने हे शतकापूर्वी केलं होतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोदा संस्थानात सार्वजनिक वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे इमारत नाही तिथे पेट्यांतून पुस्तकं गेली. गावाने ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच भर सरकार घालणार आणि तेवढीच प्रांत पंचायत. वाचन फुकट. म्हणजे लोकसहभाग होता, पण दोन हात सरकारचे होते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, ग्रंथालय कायदा केला. ज्या मातीत ही उदाहरणं आहेत तिथे आज आपण साताऱ्याच्या भिलारला पुस्तकांचं गाव म्हणून दाखवायला पाहुणे नेतो. भिलार मला आवडतं, मी तिथे जाऊन आले आहे. पण भिलारला पर्यटक जातात. ऊसतोडीवरून परत आलेल्या पोराला त्याच्या स्वतःच्या गावात पुस्तक मिळायला हवं.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही वाचनालयात पेढे वाटले. त्यानंतर भाषेसाठी जो काही निधी येईल, त्यातला मोठा वाटा समारंभांआधी गावच्या वाचनालयांना मिळावा, असं मला वाटतं. आमच्याकडे वाचकच या भाषेचे राखणदार आहेत. सीमेवर राहतो म्हणून हे मी जास्त ठामपणे सांगते. इथल्या अर्ध्या घरांत कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतात. मुलांना मराठी लिपीची गोडी शाळेच्या पुस्तकाने लागत नाही, कपाटातल्या गोष्टीच्या पुस्तकाने लागते.

आता नेमकं काय करायला हवं. एखाद्या वाचनालयाची मान्यता रद्द करण्याचा प्रस्ताव आला की जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी त्या गावात जाऊन ग्रामसभेसमोर तो वाचून दाखवावा, आणि महिलांची सभा वेगळी घ्यावी. संस्थाचालक दोषी असतील तर त्यांना हटवून वाचनालय ग्रामपंचायत, शाळा, महिला बचत गट किंवा शेजारच्या चालू वाचनालयाकडे चालवायला द्यावं. वाचकसेवा एक दिवसही खंडित होऊ नये. काहीच जमलं नाही तर निदान आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी फिरत्या वाचनालयाची गाडी तिथे थांबावी. अनुदानाचा निकष ठरवताना पुढचं वाचनालय किती लांब आहे, एसटी आहे का, बायका आणि मुलं किती येतात, दुपारी उघडं असतं का, हेही मोजा. दुष्काळी, डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांतल्या ‘ड’ वर्गाला बाकीच्यांच्या बरोबरीने मोजू नका, त्यांना जास्त द्या. ग्रंथपालाचं वेतन निदान कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाच्या जवळ आणा; याला समिती नको, शासन निर्णय हवा. उपकराचा विचार विधिमंडळात तरी एकदा गांभीर्याने व्हावा. जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना विनंती अशी, की सभामंडपं आणि पेव्हर ब्लॉक यांच्या यादीत यंदा तालुक्यातल्या एका तरी वाचनालयाची खोली, संगणक आणि स्वच्छतागृह धरा. स्वच्छतागृह नसल्यामुळे मुली अभ्यासिकेत दोन तासांच्या वर बसू शकत नाहीत, हे कुणी सभेत बोलत नाही म्हणून इथे लिहिते.

आणि एक काम असं आहे की त्याला पैसा लागत नाही, नुसता एक कागद लागतो. शेजारच्या गावची ती पुस्तकं अजून त्या खोलीत आहेत. ती आमच्या वाचनालयाकडे देवघेवीसाठी द्यावीत, कुजलेल्यांचं रीतसर निर्लेखन करावं, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करावीत, आणि आठवड्यातून एक दुपार आम्हाला त्या गावच्या शाळेत पुस्तकं घेऊन बसायला परवानगी मिळावी, असा अर्ज आम्ही केला आहे. गाडीभाडं आम्ही वर्गणी काढून भागवू. अर्जावर हो किंवा नाही, काहीच कळवलेलं नाही. यंदाचा पाऊस सुरू व्हायच्या आत, लेखी उत्तर द्यावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सांगली जिल्ह्यातल्या एका ‘ड’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाची कार्यकारिणी सदस्य